मुलुंडच्या पुढे: कल्याण-विठ्ठलवाडी पट्ट्यातील स्तनतपासणीचा इतिहास

स्क्रीनिंग म्हणजे कसलीही तक्रार नसलेल्या माणसाची तपासणी. स्तनाच्या कर्करोगासाठी ती तीन प्रकारांनी होते. बाई स्वतःच स्वतःला तपासते. डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासते. किंवा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा खास क्ष-किरण फोटो काढला जातो. युरोप-अमेरिकेत या तपासणीचा इतिहास मुख्यतः यंत्राचा आहे. मुंबई आणि तिच्या उपनगरी पट्ट्यात तो हाताचा आहे. हात कोणाचा, तो कोणत्या दारापर्यंत पोचला आणि गाठ लागल्यावर पुढे काय झाले, यावर इथल्या बायकांचा सहभाग ठरत आला.

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की पहिले स्थानक विठ्ठलवाडी. या परिसरात कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. रुळांच्या दुसऱ्या अंगाला कल्याण पूर्वेच्या चाळी वाढत गेल्या. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात होती आणि उल्हासनगरची पाच लाखांवर. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही इथल्या सर्वसामान्यांची सरकारी व पालिकेची रुग्णालये. कर्करोगाचे नाव निघाले की मात्र अनेक पिढ्यांना रस्ता एकच माहीत आहे: लोकल पकडायची आणि परळ गाठायचे.

परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले त्याच्या अर्धशतक आधी एक प्रश्न मुंबईत ऐरणीवर आला होता. पुरुष डॉक्टरसमोर अंग उघडे करायला बायका तयार नव्हत्या, घरचेही परवानगी देत नव्हते. यावर उत्तर म्हणून १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. रुग्ण स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रियाच, हे त्याचे वैशिष्ट्य होते आणि एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर त्याच्या पहिल्या प्रमुख होत्या. बाळंतपणासाठी बायका तिथे येऊ लागल्या, पण छातीतली गाठ ही वेगळी बाब होती. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, ताप आणत नाही, कामात आडवी येत नाही. जे दुखत नाही ते अंगावर काढायचे ही घराघरातली रीत. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया पुढे अनेक दशके जगभर चालली. तिच्यात स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळेच काढून टाकत. गाठ दाखवायची म्हणजे स्तन गमवायचा, असा हिशेब बाईने मनात मांडला तर त्याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. त्या काळी बहुतेक वेळा तो बरोबरच ठरत असे.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. डॉ. वसंत खानोलकर यांनी इथली प्रयोगशाळा घडवली आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राची धुराही सांभाळली. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा हार्मोन आणि आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासले. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभी केली आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. प्रयोगशाळेतले हे काम जागतिक तोडीचे होते. त्याच इमारतींच्या पायऱ्या चढणाऱ्या बायका मात्र बऱ्याचदा गाठ फुटल्यावर, जखम वाहू लागल्यावर येत.

किती बायकांना हा रोग होतो, हे मोजण्याची सोय १९६३ मध्ये झाली. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. वस्तीवर आधारलेली अशी नोंद देशात प्रथमच होत होती. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांचे कागद आणि पालिकेचे मृत्यूदाखले चाळून प्रत्येक रुग्णाचा राहता पत्ता पाहत. सुरुवातीला मुंबईच्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळक होता, पुढे स्तनाचा कर्करोग त्याच्या वर गेला. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा लक्षणीय जास्त होते. उशिरा लग्न, कमी मुले आणि उशिरा पहिले बाळंतपण यांचा या रोगाशी संबंध असतो, हे त्यातून शहराला आपल्याच आकड्यांत दिसले. पुढे शहरी मध्यमवर्गात हेच बदल पसरत गेले आणि आकडेही त्याच दिशेने सरकले.

या नोंदणीची हद्द होती बृहन्मुंबईची. १९५७ पासून ती पूर्व उपनगरांत मुलुंडला संपते. कल्याणची किंवा विठ्ठलवाडीची बाई परळला उपचार घेत असली तरी मुंबईची रहिवासी नसल्याने ती मुंबईच्या दरात धरली जात नसे. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते, दर काढायचा तर वस्ती ठरलेलीच हवी. पण रोज त्याच लोकलने मुंबईत कामाला जाणाऱ्या आणि मुंबईसारखेच आयुष्य जगणाऱ्या लाखो बायका त्यामुळे या आकड्यांच्या बाहेर राहिल्या. नंतरची संशोधनेही बराच काळ याच सीमेआत झाली.

बाहेर जगात तोवर यंत्राचा जोर सुरू झाला होता. १९६३ मध्येच न्यूयॉर्कमधील एका विमा योजनेच्या सभासद स्त्रियांवर मॅमोग्राफी आणि हाताची तपासणी यांची पहिली मोठी चाचणी सुरू झाली. १९७७ पासून स्वीडनच्या दोन परगण्यांत चाचणी झाली आणि त्यानंतर श्रीमंत देशांनी ठरावीक वयाच्या स्त्रियांना दर दोन-तीन वर्षांनी मॅमोग्राफीला बोलावण्याची पद्धत बसवली. भारतात हे जसेच्या तसे उचलणे अवघड होते. यंत्रे कमी, ती वाचणारे तज्ज्ञ त्याहून कमी. शिवाय इथे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दशकभर आधीच्या वयात गाठतो आणि तरुण स्तनाच्या दाट ऊतींमध्ये मॅमोग्राफीत गाठ कमी स्पष्ट दिसते. स्वतःची तपासणी स्वतः करायला शिकवणे हा सर्वांत स्वस्त पर्याय वाटत होता. पण शांघायच्या कापड गिरण्यांतील २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा अंतिम अहवाल २००२ मध्ये आला, तेव्हा या शिकवणीने मृत्यू कमी झाले नसल्याचे दिसले. उलट निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी वाढल्या. उरला तो प्रशिक्षित हात. कॅनडात पन्नास ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीसह काळजीपूर्वक केलेली हाताची तपासणी आणि नुसती हाताची तपासणी यांची तुलना झाली होती आणि मृत्यूंत फरक आढळला नव्हता. तेव्हा निव्वळ हाताच्या तपासणीने जीव वाचतात का, हे कोणी पडताळले होते का? टाटा रुग्णालयाचे सर्जन डॉ. इंद्रनील मित्रा यांचा हा प्रश्न होता.

तो पडताळा मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झाला. वस्त्यांचे वीस गट पाडून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दहा गट तपासणीसाठी आणि दहा तुलनेसाठी ठरले. ३५ ते ६४ वयाच्या एकूण १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या, त्यांपैकी ७५,३६० तपासणीच्या गटात. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांत त्यांची स्तनाची हाताने आणि गर्भाशयमुखाची ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या.

या सेविकांच्या हाताचे काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. आधी बाईला समोर बसवून दोन्ही हात वर, मग कमरेवर ठेवायला सांगायचे आणि नुसते पाहायचे. एका बाजूची कातडी ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आहे का, स्तनाग्र आत वळले आहे का? मग आडवे झोपवून, तपासायच्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला लावून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी तपासायचे. टोकांनी नव्हे. छोटी वर्तुळे काढत आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब द्यायचा आणि शेत नांगरताना तास सोडत नाहीत तसे वरपासून खालपर्यंत एकही पट्टा न सोडता जायचे. शेवटी काख आणि गळपट्टीच्या हाडाची खोबण. घाईघाईत हात फिरवून मोकळे होण्याचे हे काम नाही; नीट करायचे तर काही मिनिटे लागतात. बाईला संकोचातून बाहेर काढायला मात्र त्याहून जास्त वेळ जातो. गाठ हाताला लागली म्हणून तो कर्करोग ठरत नाही, बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. निदान सेविकेने करायचे नाही. शंका आली की पुढे पाठवायचे, एवढेच.

वस्तीत शिरण्याआधी तिथल्या पुढाऱ्यांशी आणि मंडळांशी बोलणी होत. घरोघर जाऊन यादी करायची, माहिती द्यायची आणि मग तपासणीची जागा वस्तीतच मांडायची असा क्रम होता. याचा परिणाम सहभागात दिसतो. याच स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तपासणीला ८९ टक्के स्त्रिया आल्याची आणि संशयितांपैकी ७९.४ टक्के पुढच्या निदानासाठी गेल्याची नोंद आहे. या आकड्यांचे मोल कळायला फिलिपाइन्सचे उदाहरण पुरे. मनिलात १९९५ मध्ये अशीच हाताच्या तपासणीची चाचणी सुरू झाली होती. पहिल्या फेरीत ३,४७९ स्त्रियांमध्ये संशयास्पद काही आढळले, पण त्यांतल्या जेमतेम ३५ टक्के पुढच्या तपासण्या पूर्ण करायला आल्या. घरी माणूस पाठवूनही ४२ टक्क्यांनी नकार दिला. चाचणी पहिल्याच फेरीनंतर थांबवावी लागली. तपासणीला येणे आणि तपासणीनंतर पुन्हा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी अहवालांत पहिलीचेच आकडे ठळक छापले जातात, हा त्या अहवालांचा जुना दोष.

मुंबईच्या चाचणीचा स्तनाबाबतचा निकाल फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. डॉ. मित्रा आणि डॉ. राजेंद्र बडवे यांच्यासह संशोधकांनी सुमारे वीस वर्षांचा पाठपुरावा त्यात मांडला. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले रोगी ३७ टक्के होते, तुलनेच्या गटात ४७ टक्के. म्हणजे रोग लवकर सापडत होता. सर्व वयांचा एकत्र विचार करता स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र घट सुमारे ३० टक्के होती आणि ती ठाम होती. पन्नाशीखालच्या स्त्रियांत उल्लेखनीय फायदा आढळला नाही. वयानुसार हा विचार नंतर केलेला असल्याने त्याकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. तरीही हातावर आणि दहावी शिकलेल्या सेविकेवर विश्वास टाकण्याइतका पुरावा त्यातून मिळाला. चाचणीवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या ७६,१७८ स्त्रियांना माहिती मिळाली पण तपासणी मिळाली नाही, विशेषतः गर्भाशयमुखाच्या बाबतीत ते योग्य होते का, असा आक्षेप होता. तो रास्त होता. गरीब वस्तीत संशोधन करताना हा प्रश्न सुटत नाही, फक्त कमी-जास्त प्रामाणिकपणे हाताळला जातो.

महानगराबाहेरचा अनुभवही याच सुमारास साठत होता. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात येईल त्याचीच नोंद करून भागणार नाही, हे ओळखून तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून विचारपूस करत. या फिरण्यातून जाणीव वाढली आणि बायका आधीच्या टप्प्यात दाखवायला येऊ लागल्या, असे तिथल्या अभ्यासांनी नोंदवले. कोकणात टाटा रुग्णालयाने डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासोबत गावपातळीवर तपासण्या केल्या. ठाणे जिल्ह्याचा नागरी पट्टा या दोन्हींच्या मधोमध राहिला. खेडे म्हणावे तर तो शहर होता आणि मुंबई म्हणावे तर मुंबईबाहेर.

विठ्ठलवाडीच्या दारापर्यंत ही तपासणी नियमाने पोचण्याची तरतूद २०१६ मध्ये झाली. त्या वर्षी केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या लोकसंख्याधारित तपासणीची कार्यपद्धती ठरवली. त्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनाची हाताने तपासणी दर पाच वर्षांनी, शिवाय तोंडाची आणि गर्भाशयमुखाचीही, असे धोरण आले. सामूहिक तपासणीसाठी मॅमोग्राफी त्यात नाही. ती शंका आल्यावरच्या निदानासाठी. मुंबईच्या वस्त्यांतली पद्धत तपशील बदलून देशाचे धोरण झाली, असे म्हणता येईल. शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आले होते, त्यामुळे नागरी आरोग्य केंद्र, परिचारिका, आशाताई आणि महिला आरोग्य समिती ही साखळी कागदावर तयार होती. शहरात एका आशाताईकडे साधारण हजार ते अडीच हजार वस्ती असते.

आशाताईच्या हातातला अर्ज तिशीपुढच्या प्रत्येकासाठी भरायचा असतो. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला मधुमेह आहे का, असे विचारत ती बाईपाशी आली की तीन प्रश्न स्तनाचे येतात: गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. कागदावर हे सोपे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सासरा टीव्ही पाहत बसलेला असताना ते विचारायचे म्हणजे आशाताईला आधी बाईला गॅलरीत नाहीतर नळावर गाठावे लागते. उत्तर बहुधा "नाही हो" असेच येते. ती नळावर पुन्हा भेटते तेव्हा हळूच वेगळे काही निघते. या पट्ट्यात मराठीइतकीच सिंधी आणि हिंदीही बोलली जाते, त्यामुळे एकच छापील पत्रक सगळ्यांना पुरत नाही. त्यात रेल्वेमार्गाच्या एका बाजूची बाई एका महापालिकेच्या केंद्रात मोडते आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या. भाड्याने राहणारे कुटुंब रूळ ओलांडून घर बदलते तेव्हा बाईची आरोग्याची नोंद तिच्यासोबत जातेच असे नाही.

शंका आली की पुढचा प्रवास बाईला एकटीने करावा लागतो. जवळच्या सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी-मॅमोग्राफीची तारीख, मग सुई किंवा बायॉप्सी. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही समजूत चाळीचाळीत पक्की आहे आणि चुकीची आहे. सुईने रोग पसरत नाही, निदान पक्के होते. अनेकींना याहून मोठा अडसर असतो कामाचा. घरकाम, शिलाई, दुकान किंवा कारखान्यातल्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. परळला जायचे तर जलद गाडीने दादरला उतरून बदलायचे, किंवा धीमी गाडी पकडून थेट परळ. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसायची मुभा आहे. सकाळी कल्याणला त्या डब्यात टाटाच्या फायली छातीशी धरून चढणाऱ्या बायका नेहमी दिसतात. त्यांपैकी बहुतेक उपचारांच्या फेऱ्या करणाऱ्या असतात. तपासणीसाठी निघालेली बाई असा डबा शोधत नाही. रोज ये-जा न जमणारे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवण्याच्या खटपटीत असतात.

पैशांचा प्रश्न सरकारी योजनेने काही अंशी हलका केला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई आणि रायगड होते, ठाणे नव्हते. ठाण्यासह उरलेल्या जिल्ह्यांना ती २०१३ मध्ये मिळाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचे ठरले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन हा मोठा खर्च तीत बसतो. त्याआधीचे निदान खासगीत करायचे ठरले तर खिशालाच चाट बसते, आणि नेमक्या याच टप्प्यावर गळती होते.

सहभागाचे मोजमाप राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये झाले. देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या ०.९ टक्के स्त्रियांची आयुष्यात कधी तरी कर्करोगासाठी स्तनतपासणी झाली होती. याच सुमारास, २०२० साठीच्या जागतिक अंदाजात, भारतात स्तनाच्या कर्करोगाचे वर्षाला १,७८,३६१ नवे रुग्ण आणि ९०,४०८ मृत्यू धरले गेले. २०२२ साठीच्या अंदाजात नवे रुग्ण १,९२,०२० आणि मृत्यू ९८,३३७ होते. मुंबईच्या वस्त्यांत ८९ टक्के बायका तपासणीला आल्या होत्या, हे या आकड्यांशेजारी ठेवले की बायका येतच नाहीत ही तक्रार टिकत नाही. बोलावणे दारात आले आणि बोलावणारी बाई ओळखीची झाली, तेव्हा त्या आल्या.

त्यानंतर मोहिमा वाढल्या. राज्याने नवरात्रात, २६ सप्टेंबर २०२२ पासून, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ या नावाने अठरा वर्षांवरील स्त्रियांच्या तपासण्या हाती घेतल्या. केंद्राने १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या पंधरवड्यात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान राबवले आणि स्तनाची तपासणी त्यातही होती. शिबिराच्या दिवशी मांडव पडतो आणि रांग लागते. संशयित निघालेल्या बाईला पुढच्या तारखेची आठवण करून द्यायला तिच्या चाळीत पुन्हा जाण्याचे काम मांडव उतरल्यावर आशाताईकडेच उरते. त्या कामाचा मोबदला तिला महिन्याच्या ठरलेल्या पगारात नाही, कामागणिक मानधनाच्या हिशेबात मिळतो.